कै. पिलार मोरेनो स्मृती करंडक

“बाई, आमच्या दप्तरी आपण दिवंगत आहात,” क्रीडा मंडळाचे कार्यवाह श्यामसुंदर दाबके चष्मा पुसत म्हणाले.

समोर साठीच्या पद्मजाबाई गद्रे बसल्या होत्या. हातात मंडळाची निमंत्रणपत्रिका. ‘कै. पिलार मोरेनो स्मृती करंडक. मुलींची बास्केटबॉल स्पर्धा. वर्ष पहिले, १९९२.’

“पण पिलार मोरेनो मीच.”

दाबक्यांनी फायलीतलं जुनं कात्रण काढलं. एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. “नाक जुळतंय,” त्यांनी मान्य केलं.

मुलीने चेंडू हातात घेतला तरी लोक नाकं मुरडायचे, त्या काळात पिलार स्पेनमधल्या अगदी सुरुवातीच्या मुलींच्या संघांपैकी एकाची कप्तान होती. सत्तावन्न साली ती पुण्यातल्या एका कॉन्व्हेंट शाळेत खेळ शिकवायला आली. इथल्या मुलींना तिने पदर खोचून बास्केटबॉल खेळायला लावला. पेपरात फोटो आला. एकसष्ट साली श्रीनिवास गद्र्यांशी लग्न झालं, तांदळाच्या ताटात अंगठीने ‘पद्मजा’ लिहिलं गेलं आणि पिलारचा विषय मिटला. सुनेने मैदानात उड्या मारणं गद्र्यांच्या रीतीत बसत नव्हतं. गोरा रंग आणि घारे डोळे तर नारायण पेठेत घरटी एक. बोलणंही हळूहळू पेठेसारखंच तिखट झालं. ही बाई परदेशातली, हे पाच वर्षांत शेजारी विसरले, दहा वर्षांत सासर विसरलं.

पद्मजाबाई मात्र एक गोष्ट विसरल्या नाहीत. मुलींच्या स्पर्धेसाठी मंडळाचं मैदान मिळावं, असा त्यांचा अर्ज दरवर्षी यायचा. एकतीस अर्ज झाले. उत्तर ठरलेलं: मैदान देता येत नाही.

“मी वारले हे ठरवलं कुणी?”

“कार्यकारिणीनं. स्मरणिकेसाठी जुनी कात्रणं चाळताना आपण सापडलात. पिलार मोरेनो टेलिफोन डिरेक्टरीत नाही, मतदारयादीत नाही. मग रीतसर ठराव मांडला. बहुमतानं मंजूर झाला.”

“म्हणजे कुणीतरी विरोध केला?”

“एकानं. त्यांचं म्हणणं, ‘कै.’ऐवजी ‘स्व.’ घालावं.”

बाईंना हसू आलं आणि मस्तकही फिरलं. “अहो, जिवंत आहे मी! दुरुस्ती करा.”

“आत्ता करतो. पण मग उद्याची स्पर्धा रद्द. हे मैदान ज्यांनी दान दिलं, त्यांची अट आहे. मुलींना ते फक्त स्मृतिस्पर्धेसाठीच द्यायचं.”

“हे एकतीस वर्षांत एकदाही कळवलं नाहीत?”

“आपण मैदान मागितलंत. कारण विचारलं नव्हतंत.” दाबक्यांनी पेनाचं टोपण काढलं. “चोवीस संघ यायचेत. सांगा, काय करू?”

बाहेर दोन माणसं फक्कीने मैदानावर रेषा आखत होती. बाईंना रागाने रडू फुटत होतं. हयातभर नाकारलेलं मैदान मेल्यावर मिळालं होतं, आणि नेमकं तेव्हाच त्यांना जिवंत व्हायची हौस आली होती. इतक्या वर्षांनी स्वतःचं नाव छापलेलं पाहिलं, ते त्यांना हवं होतं. फार हवं होतं.

त्यांनी पत्रिकेची घडी घातली.

“टोपण लावा,” त्या म्हणाल्या. “मेलेलीच बरी मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान फुलून गेलं. लोहगावपासून कोथरूडपर्यंतच्या पोरी हाफ पँटीत बिनधास्त धावत होत्या. पदर कुणालाच खोचावा लागत नव्हता. टेबलावर पिलारचा तोच फोटो मोठा करून ठेवला होता, त्याला झेंडूचा हार. दाबक्यांनी माइकवरून सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. प्रेक्षकांत पद्मजाबाई उभ्या राहिल्या, इतरांसारखीच मान खाली घालून. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना.

शेजारी एका खेळाडूची आई उभी होती. खाली बसल्यावर तिने हळूच विचारलं, “तुमच्या फार जवळची होती का हो?”

“एके काळी होती,” पद्मजाबाई म्हणाल्या. “माझं लग्न झालं, त्यानंतर आमची भेट नाही.”