जुन्या जागी फोन

"सॉरी सोनटक्के, पण उमेदवाराला नव्या नोकरीवर पाठवण्याआधी जुन्या जागी फोन करावाच लागतो," शर्वाणी म्हणाली.

समोर बसलेल्या सोनटक्क्यांनी मान हलवली. फोन कोण उचलणार हे दोघांनाही माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी विमा कंपनीनं त्यांच्या मेंदूची नक्कल उतरवून घेतली, ती मशीनवर कामाला बसवली आणि त्यांना घरी पाठवलं. तो व्यवहार शर्वाणीनंच जुळवला होता. त्याबद्दल बेस्ट रिक्रूटर म्हणून मिळालेल्या चषकात आता ती पेनं ठेवायची.

तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"सोनटक्के बोलतोय." आवाज त्यांचाच होता, पण ताजातवाना.

"निळकंठ सोनटक्के या उमेदवाराबद्दल विचारायचं होतं."

"म्हणजे मीच की!" नक्कल हसली. "त्याला कशाला घेताय, मॅडम? तो दमणार, रजा मागणार. त्यापेक्षा माझीच आणखी एक प्रत काढा ना."

शर्वाणीनं स्क्रीनवर 'नापसंत'वर बोट ठेवलं. जुन्या जागेनं नको म्हटल्यावर दुसरा पर्यायच नव्हता.

"मॅडम, एक मिनिट. आमची आई बरी आहे ना? इथं कुणी काही सांगत नाही."

शर्वाणीनं माइक बंद केला आणि समोर पाहिलं. आईच्या दहाव्याला उतरवलेले सोनटक्क्यांचे केस अजून नीट उगवलेही नव्हते.

"बरी आहे म्हणून सांगा," ते म्हणाले. "कामात लक्ष लागलं नाही, तर त्यालाही काढतील."