हलकी थैली

थैली उचलतानाच तिला ती हलकी लागली.

तिने ती गॅलरीच्या जाळीला टांगलेल्या काट्याच्या आकड्यात अडकवली आणि काटा स्थिर होण्याची वाट पाहिली. सुट्टीभर दर रविवारी हेच काम होतं. कॉलेजच्या सरांनी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प दिला होता: आपापल्या इमारतीतल्या प्रत्येक घराचं आठवड्याचं प्लॅस्टिक मोजायचं, लोकांना ते कमी करायला शिकवायचं, आणि फरक पडतो का ते बघायचं. फरक पडत होता. सगळ्या घरांचे आकडे उतरले होते. तिच्या घराचा तेवढा उतरत नव्हता.

उतरणार कसा? बाबांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. औषधी पाण्याची पिशवी भिंतीवरच्या खिळ्याला टांगायची, नळीवाटे ते पाणी पोटात सोडायचं आणि काही तासांनी काढून टाकायचं. दिवसातून चार वेळा. दर वेळी एक रिकामी पिशवी, नळी, टोपण, वरचं वेष्टन. सर म्हणाले होते, तुझं घर वेगळं दाखव. पण जिन्याखालच्या तक्त्यावर तिने इतरांबरोबरच आपल्याही घराची पट्टी रंगवली होती. सगळ्यांत लांब पट्टी तीच होती. शेजारच्या काकू तक्त्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "दिव्याखाली अंधार!" तेव्हा दवाखान्यातून परतलेले बाबा तिथेच कठडा धरून दम घेत होते. काकूंबरोबर तेही हसले होते. तीही हसली होती.

"किती भरलं?" आतून बाबांनी विचारलं. शिलाई मशीनचा आवाज थांबला. शिवणकामाचं दुकान बंद केल्यापासून ते घरीच उरल्यासुरल्या तुकड्यांच्या कापडी पिशव्या शिवून तिच्या प्रकल्पासाठी इमारतीत वाटत. काट्याला टांगलेली थैलीही त्यांनीच जुन्या पडद्याची शिवली होती.

"कमी आहे, बाबा. बरंच कमी."

"बघ! आला की नाही खाली?" पोरीचा निकाल लागल्यासारखा त्यांचा आवाज झाला.

क्षणभर तिलाही आनंद झाला. मग तिने थैली फरशीवर उपडी केली. दुधाच्या पिशव्या होत्या, बिस्किटाचे कागद होते. बाबांच्या रिकाम्या पिशव्या मात्र जेमतेम निम्म्या होत्या. ती आत गेली, पलंगाखालून खोकं ओढलं. एव्हाना ते संपायला हवं होतं. भरलेल्या पिशव्या एकीवर एक तशाच पडून होत्या.

"दुपारची, संध्याकाळची पिशवी लावत नाही तुम्ही?"

बाबा सुईत दोरा ओवत होते. दोरा दोनदा चुकला.

"त्या मधल्या कशाला? सकाळची असते, रात्रीची असते. एखादं जेवण चुकलं म्हणून काय माणूस मरतो?"

"डॉक्टरांना विचारलंत?"

"डॉक्टरांच्या घराचं वजन कोण करतंय?" ते हसले, पण ती हसली नाही. मग त्यांनी सुई खाली ठेवली. "तुला परवा सगळ्यांसमोर उभं राहून या प्रकल्पावर बोलायचंय. पहिलं कुणीतरी विचारणार, तुमच्या घराचं काय? कापड बघून बेतावं लागतं, पोरी. मी आपलं थोडं आखूड बेतलं. त्या काकूंचं मनावर घेतलं असं काही नाही हं."

तिला त्यांचा इतका राग आला की रडूच यायला लागलं. ती खाली बसली आणि मशीनच्या पायट्यावरचा त्यांचा पाय ओढून घेतला. "अगं, अगं," करत ते पाय सोडवू लागले. चपलेच्या पट्ट्याचा वळ सुजलेल्या कातडीत रुतला होता. तिने घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

"टाचण्या खोचायची उशी झालीय नुसती," बाबा हळूच म्हणाले. बोलताना त्यांना धाप लागत होती.

तिने दवाखान्यात फोन केला. तिकडून सांगितलं, आत्ता लगेच एक पिशवी लावा आणि तासाभरात त्यांना घेऊन या. तिने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, तोंडाला फडकं बांधलं, खोक्यातली पिशवी काढली, वेष्टन फाडलं. पिशवी खिळ्याला टांगली, नळी जोडली. पोटातलं जुनं पाणी आधी खाली उतरू लागलं.

बाबांनी फाटलेलं वेष्टन उचललं. मांडीवर ठेवून तळहाताने सपाट केलं. कडेला कड जुळवली, घडी घातली. मग तिची आणखी एक घडी.

"घडी घातली म्हणून वजन कमी होत नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली, आणि आणखी एक घडी घातली.