कणगीतल्या गोळ्या

गंगासागर रागानं थरथरत होती की तापानं, हे डॉक्टर पंचशीला मॅडमना कळेना. तिच्या केसांत कडुलिंबाची डहाळी अडकली होती, डोळे तांबारले होते आणि गळ्यापासून मनगटापर्यंत लाल पुरळ उठलं होतं. अशा अवस्थेत ती लिंबागणेशहून जीपनं बीडच्या दवाखान्यात आली होती, आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच तिनं तक्रार मांडली.

“मॅडम, आत्याबाईनं माझ्या गोळ्या लपिवल्या. काल सकाळपासनं एक पण पोटात न्हाई. आदी त्या द्या, ताप मंग बघा.”

आत्याबाई म्हणजे तिची सासू, तुळजाबाई. ती दारातच उभी होती. सून मागच्या दारानं निसटली तशी ही पुढची जीप धरून मागोमाग आली होती.

“लपिवल्या, मंग?” ती म्हणाली. “अंगभर गोवर निघालाय हिच्या. गोवरात कुणी औषिद देतं का? देवीचा कोप व्हतो. मी घरात फोडणीसुदिक बंद केली, अन् ही बया गाव हिंडती!”

एड्सनं नवरा गेला आणि रक्त तपासल्यावर आपल्यालाही तोच रोग निघाला, तेव्हा गंगासागरनं एकच ठरवलं होतं. लेक दहावी होईपर्यंत मरायचं नाही. सरकारी गोळ्या नुकत्याच मिळायला लागल्या होत्या. देताना याच मॅडमनी सांगितलं होतं की गोळी चुकवायची नाही, आणि अंगावर काही उठलं तर तडक इकडं यायचं. पहिलं तिनं काळजावर कोरून घेतलं. दुसरं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं.

मॅडमनी तिला तोंड उघडायला लावलं. आत फोड होते. त्यांनी बॅटरी बंद केली.

“हा गोवर नाही, गंगासागर. गोळ्याच तुला मानवल्या नाहीत. त्यातली एक तुझ्या अंगावर उलटली आहे. घेत राहिली असतीस तर कातडी सोलून निघाली असती. जीवसुद्धा गेला असता.”

गंगासागरनं मनगटावरचं पुरळ निरखून पाहिलं. तुळजाबाईला मात्र जोर चढला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली होती. पण हे कावळ्याला कोण सांगणार?

“बघा! मी म्हणतच व्हते—”

“आणि आजी, तुम्ही हिला घरात कोंडून ठेवलं असतं, तर तशीही ती हातची गेली असती.”

तुळजाबाई भिंतीला धरून खाली बसली.

“माज्या लेकाला, बसवेशला बी असाच ताप आलता,” ती हळू आवाजात म्हणाली. “तवा मी निसती बघत बसले. या टायमाला म्हणलं, कायतरी करावं.”

गंगासागरनं तिच्याकडं पाहिलं नाही. “म्हंजी गोळ्या बंद?” तिनं मॅडमना विचारलं. आता ती खरोखर घाबरली होती. “मंग मी जगायची कशी?”

“आत्ता सगळ्या बंद. पुरळ उतरेपर्यंत इथं भरती हो. मग दुसऱ्या देऊ. पण ही उलटलेली एक आयुष्यात पुन्हा घ्यायची नाही. कुणीही दिली तरी नाही.”

तुळजाबाईनं उठून पदराची गाठ सोडली. कणगीतल्या ज्वारीत पुरून ठेवलेली गोळ्यांची डबी, सुनेला माघारी फिरवायला उपयोगी पडेल म्हणून तिनं बरोबर आणली होती. ती तिनं टेबलावर ठेवली.

“नव्या गोळ्या माज्याकडं द्या,” ती म्हणाली. “मीच देत जाईन हिला, टायमावर.”

“न्हाई.” अंग फणफणत होतं, तरी गंगासागरचा आवाज पक्का होता. “गोळ्या माज्याजवळच ऱ्हातील. मला घड्याळ कळतंय.”

तुळजाबाई पदराची रिकामी गाठ पुन्हा बांधू लागली.

गंगासागर खुर्चीतल्या खुर्चीत वळली आणि सासूकडं पाठ करून तिनं मानेवरचा पदर बाजूला सारला.

“माजी पाठ मला दिसत न्हाई, आत्याबाई. तिथं काय उठलं का, ते तेवढं तुमी रोज बघत जा.”