न्हाणीघराच्या पत्र्याचं भोक

“हा दगड माझ्या धाकट्या जावेने मारलाय,” थोरली ठासून म्हणाली. “दोन वर्षं तसाच ठेवलाय. धुतलासुद्धा नाही. पुरावा कुणी धुतं का?”

“फार चांगलं केलंत,” दगड जमवणारा संग्राहक म्हणाला आणि त्याने भिंग डोळ्याला लावलं. पत्रे बदलायला आलेल्या कारागिराने त्याला इकडे धाडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी घराची वाटणी झाली. भांडी थोरलीने पटकावली, धाकटीच्या वाट्याला सासऱ्यांची अडगळीची पेटी आली. त्यावरून कडाक्याचं वाजलं. त्याच संध्याकाळी न्हाणीघराचा पत्रा फोडून दगड थेट बादलीत पडला. धाकटीने कानांवर हात ठेवले. मधल्या भिंतीपलीकडे राहूनही दोघींचा अबोला तो अबोलाच.

“बाई, हा आकाशातून आलाय,” संग्राहक म्हणाला. “ही काळी साल बघा, टरफलासारखी पातळ. येताना वरचा थर वितळतो, त्याची ही साल. हे खळगे, ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे. आणि टवका उडालाय तिथले गोल दाणे! आपल्याकडच्या दगडांत ते नसतात.” त्याने दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक जवळ नेलं. ते टपकन चिकटलं.

थोरलीचा चेहरा पडला.

“असे दगड माझ्याकडे ढीगभर आहेत. पण घरावर पडलेला एकही नाही. दगड आणि भोकासकट पत्रा द्या, नेहमीच्या भावाच्या तिप्पट देतो. फक्त लिहून द्या, कुणी फेकला नाही, आभाळातून पडला.”

असं लिहायचं म्हणजे धाकटी निर्दोष. थोरलीने पेन तीनदा उचललं, तीनदा ठेवलं. शेवटी डोळे मिटून सही ठोकली. मग तिला फार लाज वाटली. बिचारीला दोन वर्षं छळलं आपण! संग्राहक पत्रा काढायला शिडीवर चढला आणि ती शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली.

“चुकलं गं माझं,” तिने पैशांसकट सगळं सांगून टाकलं. “तो आभाळातून पडलाय. तसं लिहूनही दिलं.”

धाकटी पदराने डोळे पुसू लागली.

“ताई, तुमचं मन मोठं. आता मीही लपवणार नाही. तो मीच मारला होता. रागाच्या भरात मामंजींच्या पेटीत हात घातला आणि लागला तो भिरकावला.” तिने नाक पुसलं. “म्हणजे वाटणीत तो माझा. आणा बरं इकडे.”