डावा हात

कोयनानगरच्या क्लबात टेनिस कोर्टावर फक्कीच्या रेषा मारायचं काम माझं आणि आकारामचं. साहेबलोक घरी गेले की आम्ही दोघं खेळायचो. पुढं टीव्हीवर फेडरर आणि नदाल आले आणि आमचं भांडण पेटलं. त्याचा फेडरर थोर, माझा नदाल. आम्ही रिटायर झालो, तेही झाले, भांडण चालूच. यंदा आकारामचा उजवा हात लकव्यानं गेला. भेटायला गेलो, तर त्यानं खुंटीवरची जुनी रॅकेट मागितली आणि डाव्या हातात धरली. रॅकेट थरथरली, पण पडली नाही. "तुझा नदाल डावखुरा. आजपास्नं मी त्याच्याकडं," तो म्हणाला. मी म्हणालो, "मग फेडरर माझा. भांडाय कोणतरी पायजे की, गड्या!" वीस वर्षं ज्याला नावं ठेवली, त्याच्या एकहाती बॅकहँडचं कौतुक मी दिवेलागणीपर्यंत करत राहिलो, आकारामनं एकदाही मान्य केलं नाही.