गाठीची शिक्षा

मुलांनो, कल्पना करा, आजारी मुलाच्या अंगातली कर्करोगाची गाठ दवाखान्यात काचेच्या बशीत जिवंत ठेवतात, आणि मूल बरं झालं की ती जाळून टाकायचा मान त्याचाच असतो.

कृत्तिका दोन वर्षं याच दिवसाची वाट पाहत होती. केस गेले होते, शाळा बुडाली होती, उलट्यांनी घसा सोलवटला होता. आता ती बरी झाली होती, बशी समोर होती आणि जाळायच्या बटणावर तिचं बोट होतं.

"दाब बटण! जळू दे मेलीला," आई दातओठ खात म्हणाली.

"नाही जाळली तर?" कृत्तिकाने डॉक्टरांना विचारलं.

"मग इतर मुलांना द्यायची नवी औषधं आधी हिच्यावर वापरून बघू."

"मला उलट्या व्हायच्या तसली?"

"त्याहून जहाल. रोज."

कृत्तिकाने बटणावरचं बोट काढलं आणि बशी डॉक्टरांकडे सरकवली. "मग हिला मरू देऊ नका. आजच सुरू करा."