येतों

केबल टीव्ही घराघरांत शिरला आणि तंजावुरातल्या आमच्या गल्लीचा वाद्यवृंद मोडायला आला. तो टिकावा म्हणून गुरुमूर्तीमामांनी मृत्युपत्रात घराची पुढची खोली आणि आपलं व्हायोलिन त्याला देऊन टाकलं. मामा गेल्यापासून ते व्हायोलिन मी वाजवतो.

सराव संपवून निघताना आम्ही मामींना “येतों” म्हणतो. “जातों” म्हणणं अशुभ. माणूस परत येत नाही म्हणतात. आम्ही सगळे मामांचे शिष्य, त्यामुळे मामी ज्याला त्याला “ये” म्हणतात. इस्पितळात जायला निघताना मामासुद्धा “येतों” म्हणाले होते. तेव्हा मामी म्हणाल्या होत्या, “या.”

काल सगळे पांगल्यावर मी व्हायोलिन पेटीत ठेवलं, खटका लावला आणि दाराशी आलो.

“येतों, मामी.”

मागे, बंद पेटीत, कोणीतरी तार लावत होतं. मामा लावायचे तशी, जरा खालच्या सुरात, पुन्हा पुन्हा छेडून.

मामी माझ्या खांद्यावरून खोलीत पाहत होत्या. त्यांनी पदर सारखा केला.

“या,” त्या म्हणाल्या.

मग माझा हात घट्ट धरून कुजबुजल्या, “रघुराम, मागे बघू नको. तूं आज ‘जातों’ म्हण.”